मयड्याची केळी टिश्यू कल्चरने वाढवताना: मुनव्यापासून पिशवीतल्या रोपापर्यंत

जी-९ (ग्रँड नेन) जातीच्या केळीची टिश्यू कल्चर रोपे आज कुठल्याही बऱ्या रोपवाटिकेत मिळतात. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक ज्या केळ्यांपाशी थांबते, ती गोव्यातल्या मयडे गावची लांबलचक मिंडोळी, रसबाळी, सावरबोंडी, वेलची, यांची लागवड अजूनही बहुतेक शेजारच्या कुळागरातून (नारळ-सुपारी-केळीच्या बागेतून) मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेले पिल्लू, आणून होते. मुनव्याबरोबर कंदातला सोंडकिडा येतो, सूत्रकृमी येतात, मर रोगाची बुरशी येते आणि पर्णगुच्छाचा विषाणूही येतो. चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) घरचा घड बांधायचा असेल तर रोप स्वच्छ हवे, आणि एका चांगल्या बेटापासून शेकडो स्वच्छ रोपे करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे टिश्यू कल्चर: कोंबाचा छोटा तुकडा निर्जंतुक बरणीत वाढवून त्याची रोपे करणे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून ठेवा. प्रयोगशाळा रोपे वाढवते, विषाणू काढत नाही. दीड सेंटिमीटरचे कोंबाचे टोक घेतले की किडे, सूत्रकृमी आणि मातीतली बुरशी मागे राहते. विषाणू मात्र त्या टोकात असतोच आणि एका बाटलीतून हजार रोपांत जातो. म्हणून या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस लॅमिनारसमोरचा (गाळलेल्या, जंतुमुक्त हवेच्या पेटीसमोरचा) नसतो, बागेतला असतो.

मातृबेट निवडणे

घड पोसलेला असताना बेट निवडा. फण्यांची संख्या, केळ्याचा आकार, साल, चव हे सगळे त्या जातीला साजेसे आहे का ते आधी पाहा. मग खाली वाका आणि पाने-देठ उजेडाकडे धरून तपासा. देठावर आणि पानाच्या मधल्या शिरेवर गडद हिरवे ठिपके व तुटक रेघा दिसल्या, नवी पाने अरुंद, ताठ आणि कडेने पिवळी होऊन शेंड्यावर दाटली असली, तर तो पर्णगुच्छ आहे. खोडाची बाहेरची सोपटे सोलल्यावर तांबूस-जांभळ्या, चातीच्या आकाराच्या रेघा दिसल्या, तर तो ब्रॅक्ट मोझॅक. पानावर पिवळ्या तुटक रेघा येऊन पुढे त्या काळ्या पडत असतील, तर स्ट्रीक विषाणूचा संशय धरा. यातले काहीही दिसले तर ते बेट सोडा, घड कितीही देखणा असो.

डोळ्यांना काही न दिसणे म्हणजे झाड निरोगी असणे नव्हे. निवडलेल्या प्रत्येक बेटाला क्रमांक द्या, पानाचा नमुना मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळेत पाठवा आणि पर्णगुच्छ, काकडी मोझॅक, ब्रॅक्ट मोझॅक व स्ट्रीक या चारही विषाणूंची चाचणी करून घ्या. टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे. रोपे विकायची असतील तर तिच्या चौकटीतच काम करा. अहवाल हाती येईपर्यंत मुनवा खणू नका.

स्ट्रीक विषाणूबाबत एक खास सावधगिरी लागते. ज्या जातींत ‘बी’ जनुकसंच आहे (रसबाळी ‘एएबी’ आहे, वेलची ‘एबी’), त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या जनुकांतच या विषाणूचे तुकडे बसलेले असतात. टिश्यू कल्चरच्या ताणाने ते कधी कधी जागे होतात. म्हणून देशी जातींत मातृबेटाची एकच चाचणी पुरत नाही. मधल्या फेरीत (फुटवे वेगळे करून नव्या बरणीत लावण्याची एक खेप म्हणजे फेरी) एकदा आणि रोपे बाहेर काढताना एकदा, अशा आणखी दोन चाचण्या करा.

मुनवे कधी आणि कसे काढायचे

पावसात काढलेल्या मुनव्याच्या सोपटांत पाणी आणि चिखल आतपर्यंत भिनतो, आणि त्याबरोबर जिवाणू. गोव्यात मृग लागण्याआधीच मुनवे काढून मोकळे व्हावे. वेळेचा हिशेबही तेच सांगतो. सुरुवातीला ७ आठवडे, वाढीच्या सहा फेऱ्या प्रत्येकी ४ आठवड्यांच्या म्हणजे २४, मुळांसाठी ४, पहिल्या हार्डनिंगला (बरणीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायला) ५ आणि दुसऱ्याला ८, असे एकूण ४८ आठवडे लागतात. मेच्या पहिल्या आठवड्यात मुनवे आणले तर रोपे पुढच्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला तयार होतात आणि जूनच्या लागवडीपर्यंत दोन महिने हाताशी राहतात. ते लागतातच, कारण एखादी फेरी वाया जाणे हे या कामात ठरलेले आहे.

तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा, ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा मुनवा घ्या. रुंद पानांचा पाणमुनवा घेऊ नका, त्याचा कंद पोकळ-बारीक असतो. मुळे आणि माती बागेतच उतरवा, वरची सोपटे कापा आणि कंदासह १० सेंटिमीटरचा ठोकळा करून बेटाच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधा. कंद कापताना आत तपकिरी किंवा लालसर ठिपके दिसले, तर तो मुनवा तिथेच बाजूला टाका आणि कोयता ब्लीचच्या पाण्यात बुडवल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका.

धुणे आणि निर्जंतुक करणे

नळाच्या वाहत्या पाण्याखाली अर्धा तास ठेवा. भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचे चार थेंब टाकलेल्या पाण्यात मऊ ब्रशने घासा. मग कार्बेन्डाझिम १ लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास बुडवा. आता एकेक सोपट सोलत ठोकळा ४ सेंटिमीटरवर आणा. कापलेली जागा बघता बघता काळपट होते. हा केळीचा फिनॉल. कापताच तुकडा १ लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेल्या भांड्यात टाकत गेलात की हे काळवंडणे बरेच आवरते.

यापुढचे सगळे लॅमिनारमध्ये. पंखा आणि अतिनील दिवा अर्धा तास आधी लावा, आणि हात घालण्यापूर्वी दिवा बंद करा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १५ ते २० मिनिटे. बाजारातल्या ५ टक्के उपलब्ध क्लोरिनच्या द्रावणाचे ३०० मिलिलिटर आणि ७०० मिलिलिटर निर्जंतुक पाणी मिळून १.५ टक्के होते. बाटली उघडून महिना झाला असेल तर त्या द्रावणावर विसंबू नका, क्लोरिन उडून गेलेला असतो. शेवटी निर्जंतुक पाण्याने तीनदा, दरवेळी पाच मिनिटे धुवा. अनेक ठिकाणी ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते काम चोख करते, पण पाऱ्याचे पाणी गटारात सोडले की ते विहिरीत आणि खाजनात (खाडीकाठच्या शेतांत) जाते. लहान प्रयोगशाळेने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्लोरिनने पांढरी पडलेली कड कापून टाका आणि आणखी दोन-तीन सोपटे उतरवा. शेवटी हातात राहते ते दीड सेंटिमीटरचे, मोत्यासारखे पांढरे टोक आणि त्याखाली अर्धा सेंटिमीटर कंद. तळाचा कंद पूर्ण कापून टाकू नका, बाजूचे फुटवे तिथल्याच डोळ्यांतून येतात.

लॅमिनारमध्ये अल्कोहोलचा दिवा आणि अल्कोहोलची उघडी बरणी शेजारी ठेवल्याने आगी लागतात. चिमटे-स्काल्पेल निर्जंतुक करायला तापलेल्या काचमण्यांचे यंत्र, २५० अंशांवर, यापेक्षा चांगला उपाय नाही.

माध्यम

मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेले एमएस माध्यमच (टोक ज्यावर वाढते ते पोषक मिश्रण) केळीला चालते. तयार भुकटी, जीवनसत्त्वांसह, १ लिटरला साधारण ४.४ ग्रॅम लागते. पाकिटावरचा आकडा पाहा, कारण काहींत साखर आधीच घातलेली असते. साखर ३० ग्रॅम, माध्यम घट्ट करणारा अगार ७ ग्रॅम. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचे. विहिरीच्या पाण्यात लोह आणि क्षार असतात आणि ते ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे एका महिन्यात जमलेले माध्यम पुढच्या महिन्यात जमत नाही.

फुटवे आणणारे संप्रेरक म्हणजे बीएपी. १०० मिलिग्रॅम बीएपी सोडियम हायड्रॉक्साइडच्या एक नॉर्मल द्रावणाच्या काही थेंबांत विरघळवा आणि पाण्याने १०० मिलिलिटर करा. आता १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम आले, मोजायला सोपे. सुरुवातीच्या माध्यमात १ लिटरला ३ मिलिग्रॅम, वाढीच्या फेऱ्यांत ४ ते ५, आणि शेवटच्या फेरीत १ ते २ मिलिग्रॅम ठेवा. जास्त घातले तर जास्त फुटवे, हा समज महागात पडतो. बीएपी वाढले की फुटवे गुच्छासारखे आखूड येतात, पाने काचेसारखी पाणचट होतात आणि रोपे बदलून जाण्याचा धोका वाढतो.

पीएच ५.८, अगार घालण्यापूर्वी. तो ५.२ च्या खाली गेला तर अगार घट्ट बसत नाही, ६ च्या वर गेला तर दगडासारखा होतो. अगार उकळून पूर्ण विरघळल्यावर ३०० मिलिलिटरच्या बरणीत ४० मिलिलिटर भरा, झाकण अर्धा आटा सैल ठेवा आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला २० मिनिटे ठेवा.

इथे एक चूक वारंवार होते. आतली हवा पूर्ण बाहेर जाण्याआधीच झडप बंद केली, तर दाबाचा काटा १५ वर दिसतो पण तापमान १२१ ला पोचलेलेच नसते. झडपेतून तुटक फुसफुस थांबून वाफेची सलग, जोरकस धार लागली की आणखी पाच मिनिटे थांबा, मग बंद करा. वेळही वाढवू नका. साखर करपून माध्यम पिवळसर होते आणि अगार ढिला पडतो. भरलेल्या बरण्या तीन-चार दिवस तशाच ठेवून पाहा. त्यांत काही उगवले तर दोष ऑटोक्लेव्हचा किंवा झाकणांचा, रोपाचा नाही.

वाढीची खोली

२५ अंश, दोन कमी-जास्त. १६ तास उजेड, ८ तास काळोख. पांढऱ्या एलईडीखाली २,००० ते ३,००० लक्स पुरतात. गोव्याची खरी अडचण पावसाळ्यातली दमट हवा. एसी बंद-चालू झाला की बरणीच्या झाकणाला आतून-बाहेरून घाम येतो आणि झाकणाच्या ओल्या कडेवरून बुरशीचा धागा आत उतरतो. म्हणून हवेतली आर्द्रता कमी करणारे यंत्र ही चैन नाही. खोलीत ५० ते ६० टक्के आर्द्रता राखा, झाकणावर क्लिंग फिल्मची पट्टी गुंडाळा आणि रॅकचे पाय साबणपाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या येणार नाहीत. वीज गेली की लॅमिनारचे काम तिथेच थांबवा, आणि वीज आल्यावर पुन्हा २० मिनिटे पंखा चालू दिल्याशिवाय बरणी उघडू नका. इन्व्हर्टर घेणार असाल तर दिव्यांसाठी नको, लॅमिनारच्या पंख्यासाठी घ्या. चार तास अंधार रोपे सोसतात.

फेऱ्या

पहिला आठवडा टोके काळोखात ठेवा. माध्यम तपकिरी होऊ लागले तर तीन-चार दिवसांनी टोक ताज्या माध्यमावर हलवा. आठ-दहा दिवसांत ते फुगून हिरवे दिसू लागते. चौथ्या आठवड्यात स्काल्पेलने टोकाच्या बरोबर मधून उभी चीर देऊन त्याचे दोन किंवा चार भाग करा. मधल्या कोंबाचा वरचष्मा मोडला की बाजूचे डोळे फुटतात.

मग दर चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करायचे, काळा भाग कापायचा, वरची पाने छाटायची आणि नव्या माध्यमावर ठेवायचे. जी-९ एका फेरीत तिप्पट-चौपट सहज होते. देशी जाती सुस्त, दुप्पट धरून चाला. समजा दहा मुनव्यांपैकी सहा टोके स्वच्छ निघाली आणि प्रत्येकाने तीन फुटवे दिले, तर १८ झाले. सहा वेळा दुप्पट केल्यावर १,१५२ होतात. बरण्यांतली आणि हार्डनिंगमधली तूट काढून पिशवीत ८५० ते ९०० रोपे राहिली तर काम उत्तम झाले म्हणायचे.

आठ फेऱ्यांच्या पुढे एकही बरणी नेऊ नका. जुन्या बरणीतून आणखी थोडी रोपे काढायचा मोह होतो, पण फेऱ्या वाढतात तसे बदललेल्या रोपांचे प्रमाण वाढते: बुटकी, पट्टेरी पानांची, घड विस्कटलेली. बाग फुलोऱ्याला येईपर्यंत शेतकऱ्याला ते कळत नाही आणि त्याचे अख्खे वर्ष जाते. प्रत्येक बरणीवर जात, बेटाचा क्रमांक, फेरी आणि तारीख लिहा, झाकणावर नको, काचेवर. झाकणे बदलतात.

काय बिघडले ते बरणी सांगते

बुरशी दोन-तीन दिवसांत कापसासारखी दिसते. ती कुठून सुरू झाली ते बघा. टोकाच्या बुडाशी असेल तर निर्जंतुकीकरण कमी पडले. अगारवर सुटे ठिपके असतील तर हात किंवा हवा. एकाच दिवशी भरलेल्या सगळ्या बरण्यांत असेल तर ऑटोक्लेव्ह. एका बरणीतून शेजारच्या बरणीत सरळ रेघेत सरकत गेलेली दिसली तर कोळी कीड शिरली आहे. तो रॅक रिकामा करून पुसल्याशिवाय सुटका नाही.

जिवाणू अधिक फसवे. पहिल्या दोन फेऱ्या सगळे स्वच्छ दिसते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत बरणी उजेडासमोर तिरकी धरली की फुटव्याच्या बुडाभोवती अगारमध्ये पातळ दुधासारखे वलय दिसते. हा जिवाणू पहिल्या दिवसापासून कंदाच्या आत होता. अँटिबायोटिक घालून तो दबतो, मरत नाही, आणि औषध थांबले की पुन्हा येतो. त्याऐवजी पहिल्या कापणीतच प्रत्येक टोकाच्या बुडाची चकती न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणू वाढवून पाहण्याच्या माध्यमावर) ठेवून आठवडाभर २८ ते ३० अंशांवर पाहा. ढगाळ झाली तर त्या टोकाची सगळी वंशावळ काढून टाका. पहिल्या फेरीत दोन बरण्या टाकणे सोपे जाते, पाचव्या फेरीत साठ टाकाव्या लागतात. बिघडलेली बरणी खोलीत कधीही उघडू नका. बंदच ऑटोक्लेव्ह करा, मग धुवा.

मुळे आणि हार्डनिंग

पाच सेंटिमीटरचे सुटे फुटवे अर्ध्या ताकदीच्या एमएसवर, आयबीए (मुळे आणणारे संप्रेरक) १ मिलिग्रॅम आणि सक्रिय कोळसा २ ग्रॅम प्रति लिटर घालून ठेवा. कोळसा उरलेले बीएपी शोषतो. तो तळाला बसतो, म्हणून ओतताना भांडे सतत हलवत राहा. चार आठवड्यांत चार-पाच पांढरी मुळे येतात.

बाटलीत फुटलेल्या पानाला मेणाचा थर नसतो आणि त्याची रंध्रे नीट मिटत नाहीत. बाहेर काढल्यावर तासाभरात रोप मान टाकते ते यामुळे. बरण्या चार-पाच दिवस साध्या खोलीत खिडकीजवळ ठेवा, मग रोपे काढून मुळांवरचा अगार पाण्यात पूर्ण धुवा. चिमूटभर जरी राहिला तरी त्यातल्या साखरेवर बुरशी येते. कार्बेन्डाझिमच्या १ ग्रॅमच्या द्रावणात पाच मिनिटे बुडवून प्रो-ट्रेमध्ये (रोपांच्या खाचा असलेल्या ट्रेमध्ये), गोड्या पाण्याने तीनदा धुतलेल्या कोकोपीटमध्ये लावा. न धुतलेल्या कोकोपीटमधले मीठ पानांच्या कडा जाळते.

पहिला आठवडा प्लास्टिकच्या बोगद्यात ९० टक्के आर्द्रता आणि वर ५० टक्के सावली ठेवा. आठव्या दिवसापासून बोगदा रोज थोडा अधिक वेळ उघडा. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी आतले तापमान ३५ च्या वर गेले की रोपे उकडून जातात. तेव्हा उघडा आणि फवारा मारा, पाणी ओतू नका. बाहेर आल्यावर फुटलेली दोन नवी पाने दिसली की धोका टळला.

पाच आठवड्यांनी पिशव्यांत: माती, वाळू, कुजलेले शेणखत समभाग. आपली जांभ्याची माती आम्ल असते आणि मर रोगाच्या बुरशीला तशीच माती मानवते. मातीचा पीएच तपासून घ्या आणि शिफारशीप्रमाणे चुना द्या. रसबाळीला तर हे लागतेच, कारण ती मर रोगाला अतिशय बळी पडते. पिशवीची माती आधीच्या एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली सहा आठवडे तापवून, कोरडी झाकून ठेवलेली असावी. शेडनेटखाली आठ आठवड्यांत रोप ३० सेंटिमीटरचे, पाच-सहा पानांचे होते. याच काळात बुटकी, जाड गडद पानांची, पट्टेरी किंवा देठ लोंबलेली रोपे उपटून टाका. मागून ओळखणे कठीण जाते.

हेच अननसाला, आंब्याला चालेल का?

अननसाला चालते. तुऱ्यावरच्या पानांच्या बगलेतले डोळे घेतले की पद्धत जवळजवळ हीच, फक्त वाढ सावकाश, आणि बदललेल्या रोपांना पानांच्या कडेला काटे येतात, ती वेगळी काढावी लागतात. मानकुराद आंबा आणि काजू यांच्या जून झाडाच्या कोंबाचा फिनॉल आवरत नाही आणि मुळेही धड फुटत नाहीत. तिथे कलमच करावे. फणस आणि कोकमही कलमाने चांगले येतात.

कुळागरात लावताना

स्वच्छ रोप रोगट बेटाशेजारी लावले तर काळा मावा एका हंगामात त्याला पर्णगुच्छ देतो. लागवडीच्या आधी आसपासची संशयित बेटे आधी मावा मारून, मग कंदासकट खणून काढा. पहिल्या पावसात केळीच्या ओळींत काकडी, दोडकी, मिरची लावायची आपली सवय आहे, पण काकडी मोझॅकचा विषाणू तिथूनच येतो. त्याऐवजी तागासारखे हिरवळीचे पीक घ्या. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. रोप पिशवीत जेवढे खोल होते त्यापेक्षा फक्त बोटभर खाली बसवा, आणि पाऊस उघडलेल्या दिवशी पाणी द्यायला विसरू नका. कोवळी मुळे अजून वरच्या वितीभर मातीतच असतात.